भाकरी अर्धी, कोरड्यास दुप्पट

शेवगावच्या बाजूला पाव्हणा दारात आला की ‘जेवण झालं का?’ असे फारसे कुणी विचारत नाही. ‘भाकर खाल्ली का?’ असे विचारतात. स्वयंपाकाला लागताना बाईच्या मनात पहिला हिशेब भाकरींचा असतो, आणि मग दुसरा प्रश्न येतो, ‘भाकरीला कोरड्यास काय करायचं?’ मटकीची उसळ, मेथीची भाजी, पिठलं, तुरीचं वरण, अंड्याचं कालवण, सगळे या एका शब्दात बसते. कांदा, ठेचा, कारळ्याची चटणी यांना तर ‘तोंडी लावणं’ एवढाच मान. ताटातली प्रतवारी आपल्या बोलीने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवली आहे. भाकरी मुख्य, बाकीचे तिच्या सोबतीला. ही प्रतवारी उलटवा, एवढेच या पुस्तिकेचे म्हणणे आहे. आधी कोरड्यास ठरवा, ते भरपूर करा, आणि मग विचारा की याला भाकरी किती लागेल.

डॉक्टरी भाषेत याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. नाव ऐकले की शहरातली, महागडी, परदेशातून आलेली काही गोष्ट असावी असे वाटते. पुढच्या पानांवरच्या पाककृती मात्र शेवगाव तालुक्यातल्या बायकांनी सांगितलेल्या आहेत. बोधेगाव, घोटण, दहिगाव-ने, ढोरजळगाव अशा गावांच्या स्वयंपाकघरांतले हे पदार्थ. बाजारातून नवे काही आणावे लागणार नाही. बदलायचे आहे ते प्रमाण.

हे मी पोटतिडकीने का सांगते, त्याला घरचे कारण आहे. माझी आई अगदी काटकुळी होती. ‘हिच्या अंगावर मास नाही, हिला कुठली शुगर?’ असे घरातले सगळे म्हणत, आणि डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मलाही तसेच वाटे. पायाच्या अंगठ्याला लागलेली ठेच महिना उलटला तरी भरेना, तेव्हा तिचे रक्त तपासले. उपाशीपोटीची साखर २८० निघाली. पुढे तो अंगठा काढावा लागला. शुगर जाड माणसाला होते, बैठ्या माणसाला होते, गोड खाणाऱ्याला होते, या तीन समजुतींवर आम्ही सगळे विसंबून राहिलो होतो. आई यांतली एकही नव्हती. ती दिवसभर राबायची, चहाखेरीज गोड तिला आवडत नसे. पण तिचे जेवण म्हणजे भाकरी आणि तोंडी लावणं. कोरड्यास आधी पुरुषांच्या ताटात, मग मुलांच्या, आणि तिच्या वाट्याला बहुतेक वेळा पातेल्यात राहिलेला रस्सा.

काटकुळ्या माणसाला मधुमेह कसा होतो, याचे उत्तर आपल्याच राज्यात शोधले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. लहानखुऱ्या बाळांचे हातपाय, स्नायू, पोटातले अवयव सगळे कमी भरत होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. दिसायला रोड, आतून चरबीचा. २००४ मध्ये याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपला स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तो फोटो मी दवाखान्यात लावला आहे. वजनकाट्यावर उभे राहून ‘मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवते.

याला जोडून एक गोष्ट, जी आपल्या तालुक्यात मोठ्याने बोलायला हवी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. त्या महिन्यांत आईच्या पोटात असलेली मुले पन्नाशीला आली तेव्हा तपासली गेली, आणि त्यांच्या शरीराला साखर पेलण्याची ताकद इतरांपेक्षा कमी असल्याचे दिसले. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ विसरलेले घर नाही. खडी फोडायला गेलेल्या बाया, कामावर वाटली जाणारी सुकडी, परदेशातून आलेला लाल मिलो, हे सगळे म्हातारी माणसे आजही सांगतात. खडी फोडणाऱ्यांत गरोदर बायाही होत्या. त्यांची तेव्हाची लेकरे आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. पोटात असताना ज्यांनी टंचाई सोसली, त्यांच्या ताटात आज पिठाची आणि साखरेची टंचाई नाही. उपाशी दिवसांसाठी घडलेल्या शरीराला भरल्या दिवसांचे ओझे पेलत नाही.

‘आमचा आजा एका बैठकीला पाच भाकरी खायचा, त्याला कुठं झाली शुगर?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो, आणि तो रास्त आहे. आजा पाच भाकरी खायचा, हे खरेच. पण तो पहाटे मोट धरायचा, दिवसभर औतामागे चालायचा, बाजाराला पायी जायचा. भाकरी ही त्याच्या कष्टाची मजुरी होती. जायकवाडीचे धरण झाले, नाथसागराचा फुगवटा आपल्या शिवाराला भिडला, मुळेचा कालवा आला, विहिरींवर मोटारी बसल्या. बाजरीच्या जागी ऊस आणि कपाशी आली. औताची जागा ट्रॅक्टरने घेतली, आता तर विहिरीवरची मोटारही मोबाइलवरून सुरू होते. यात वाईट काहीच नाही. माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरले याचा आनंदच आहे. कष्ट कमी झाले तरी मजुरी मात्र तीच राहिली, उलट तिच्यात साखर, बिस्किटे, खारी, मैद्याचा पाव यांची भर पडली. त्याच वेळी बाजरीत मिसळून पेरली जाणारी मटकी आणि हुलगा शेतातून गेले, आणि शेतातून गेले तसे ताटातूनही गेले. म्हणून ‘जुन्या आहाराकडे परत चला’ असे मी म्हणत नाही. जुन्या ताटातही भाकरीच जास्त होती. ते ताट ज्या अंगमेहनतीसाठी होते, ती मेहनत आता उरलेली नाही.

आता थोडा हिशेब करू. पीठ म्हणजे मुख्यतः पिष्ट, आणि पिष्टाची पोटात साखरच होते. मध्यम आकाराच्या एका भाकरीला सुमारे ७५ ग्रॅम पीठ लागते. बाजरीच्या एवढ्या पिठात साधारण ५० ग्रॅम कर्बोदके. दोन वेळच्या मिळून सहा भाकरी धरल्या तर झाली ३०० ग्रॅम. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आणखी ४५-५० ग्रॅम. वरणाचा, दुधाचा थोडा वाटा धरला की दिवसभराच्या ऊर्जेतला सत्तर टक्क्यांच्या आसपासचा भाग एकट्या कर्बोदकांचा होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीतून आकडेमोड करून २०२२ मध्ये तज्ज्ञांनी सांगितले की, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाने मागे फिरून साखर पुन्हा नेहमीच्या पातळीला आणायला कर्बोदकांचा वाटा ५० ते ५६ टक्क्यांवर आणावा आणि प्रथिनांचा १८ ते २० टक्क्यांपर्यंत वाढवावा. आपल्या हिशेबात हे कसे बसते पाहा. सहाच्या तीन भाकरी केल्या तर १५० ग्रॅम. चहातली साखर बंद. भाकरीच्या मोकळ्या झालेल्या जागी वाटी-वाटी मटकी, हरभरा, तुरीचे वरण, दही, मूठभर शेंगदाणे आणि मोठ्ठी पालेभाजी आली, त्यांतून ७०-८० ग्रॅम. सगळे मिळून सव्वादोनशेच्या घरात, म्हणजे निम्म्याच्या आसपास. किटो नावाच्या आहारात भाकरी जवळजवळ संपतेच. तसे काही इथे सांगितलेले नाही. अर्धी भाकर राहतेच, आणि ती राहावी असेच मला वाटते, कारण भाकरीशिवायचे जेवण शेवगावात कुणी आठवडाभर टिकवणार नाही.

त्याच पाहणीवर आधारलेला आणखी एक अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. भारतीय माणूस सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो, असे त्यात दिसले. पण मला महत्त्वाचा वाटला तो त्यातला दुसरा निष्कर्ष. पांढरा तांदूळ किंवा मैदा यांच्या जागी नुसते गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ आणले आणि एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी होताना दिसला नाही. कर्बोदकांतला थोडा वाटा डाळी-कडधान्यांच्या आणि दुधाच्या प्रथिनांना दिला, तेव्हा तो कमी दिसला. आपल्या भागात याचा अर्थ थेट आहे. ‘शुगरला बाजरी चालते’ हे वाक्य इथे सगळ्यांना पाठ आहे. गव्हाची पोळी बंद केली आणि तीनच्या जागी चार भाकरी खाल्ल्या, असे सांगणारे कितीतरी जण भेटतात. बाजरीत लोह आहे, तंतू आहेत, ती मैद्यापेक्षा केव्हाही बरी. तिचा मला अभिमान आहे. पण बाजरीचे पीठही पीठच आहे. गुळाचे तसेच. साखर सोडून गुळाचा चहा घेणाऱ्याच्या पोटात साखरच जाते. कारल्याचा रस प्यायल्याने खाल्लेली साखर नाहीशी होत नाही.

महाराष्ट्रात मधुमेह आणि जेवण यांची गाठ घराघरांत पोहोचवली ती दोन डॉक्टरांनी. एक श्रीकांत जिचकार. काटोलहून अगदी तरुणपणी आमदार झालेले, पदव्यांच्या संख्येसाठी नावाजलेले, आणि २००४ मध्ये अपघातात गेलेले. दर वेळी खाल्ले की इन्शुलिन पाझरते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, हे ते भाषणांतून सांगत. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार उचलला, दोन वेळा जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा अशी सुटसुटीत पद्धत बांधली, आणि गावोगाव व्याख्याने दिली. शेवगावातल्या कितीतरी घरांत आज ‘आमचं दीक्षित चालू आहे’ असे म्हणतात. सामान्य माणसाने इन्शुलिन हा शब्द आपला मानला, ही त्यांची फार मोठी कामगिरी आहे. तरी एक गोष्ट मला खटकत आली आहे. लोकांनी घड्याळ उचलले, ताट तसेच ठेवले. जेवणाच्या सुरुवातीला कोशिंबीर आणि मोडाची कडधान्ये खा, असे दीक्षितांनी सांगितलेले असते. ते वाक्य बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. दोन वेळाच जेवायचे म्हणून एका बसणीत चार भाकरी आणि वर भात जेवणारे मी पाहिले आहेत. या पुस्तिकेतला भर म्हणून किती वेळा खाता यावर नाही, काय आणि किती खाता यावर आहे. आधी भाजी आणि उसळ, शेवटी भाकरी, या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते हे प्रयोगांत दिसले आहे. आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

पुरावा किती पक्का आहे, हेही वाचकाला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या, २००२ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या प्रयोगात उंबरठ्यावरच्या माणसांनी सुमारे ७ टक्के वजन उतरवले आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम केला. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनीच घटले होते. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी ५३१ भारतीयांवर तसाच प्रयोग केला, त्यात आहार-व्यायामाने २८.५ टक्के घट मिळाली. या दोन्ही प्रयोगांतला आहार खास कमी कर्बोदकांचा नव्हता. म्हणजे भाकरी अर्धी करणे हा एकमेव मार्ग आहे असे कुणी म्हणू नये. वजन उतरवणे आणि हालचाल वाढवणे हा पाया. कर्बोदके बऱ्यापैकी कमी केली तर काय होते, हे न्यू ऑर्लिन्समध्ये १५० जणांवर तपासले गेले आणि २०२२ मध्ये छापून आले. सहा महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, नेहमीचेच जेवण चालू ठेवलेल्या दुसऱ्या गटापेक्षा ०.२३ ने जास्त उतरला. आकडा लहान दिसतो. पण ५.७ ते ६.४ ही उंबरठ्याची पट्टीच जेमतेम ०.७ ची आहे, तिच्यात ०.२३ ने मागे येणे म्हणजे उंबऱ्यावरून घरात परतण्याचा एक तृतीयांश रस्ता. वर्षानुवर्षे असे जेवले तर किती जणांचा मधुमेह टळतो, याचा लांब पल्ल्याचा पुरावा अजून व्हायचा आहे. तरी हा मार्ग मी सुचवते, कारण आपल्या ताटात सर्वांत जास्त असलेली वस्तू पीठ आहे, आणि कमी करायला जागा आहे ती तिथेच.

मला सर्वांत जास्त अडखळायला होते ते पैशांपाशी. रेशनवर अन्न सुरक्षा कायद्याखाली माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, २०२३ पासून तेही फुकट. गहू आणि तांदूळ. डाळ त्यात नाही. सणासुदीच्या ‘आनंदाचा शिधा’त हरभरा डाळ आली, तिच्याबरोबर रवा, साखर आणि पामतेलही आले. सरकारने पोट भरण्याची काळजी घेतली, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. १९७२ पाहिलेल्या घरात फुकट धान्याची किंमत कुणाला सांगावी लागत नाही. पण गरिबाला जे सर्वांत स्वस्त, तेच त्याच्या ताटात सर्वांत जास्त, हे अटळ आहे. रेशनवर दरमहा माणशी किलोभर डाळ मिळावी, ही मागणी आपल्या ग्रामसभांनी लावून धरली पाहिजे. तोवर घरच्या घरी जे होण्यासारखे आहे ते करायचे. आपल्या जिल्ह्यात राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. तिथले ‘विजय’, ‘दिग्विजय’ हे हरभऱ्याचे वाण राज्यभर पेरले जातात. तालुक्यात दहिगाव-ने इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. कपाशीच्या चार ओळींआड मटकीची एक ओळ घरापुरती निघू शकते. दुधाचेही असेच. सकाळ-संध्याकाळ किटल्या भरभरून दूध डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते. त्यातले लिटरभर दूध घरी विरजले, तर घरातल्या प्रत्येकाला जेवताना वाटीभर दही नाही तर पेलाभर ताक मिळेल. माळकरी घरांत अंडी-मटण चालत नाही. त्यांच्यासाठी दही, डाळी, शेंगदाणे, जवस यांचे पदार्थ मी मुद्दाम जास्त घेतले आहेत.

उपवासाच्या पदार्थांना एक प्रकरण स्वतंत्र दिले आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपण हसत म्हणतो, पण साबुदाण्याची खिचडी उंबरठ्यावरच्या माणसाला भाकरीपेक्षा जड जाते. साबुदाण्यात शंभरातले ऐंशीहून जास्त ग्रॅम नुसते पिष्ट असते, प्रथिने जवळजवळ शून्य. त्याच्या जोडीला बटाटा, वर केळे. शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी, थोडी भगर, एवढ्यावर एकादशी साजरी होते. देवाला ते चालते.

ही पुस्तिका कुणासाठी नाही, तेही सांगते. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला, जो पहाटे फडात शिरतो आणि दिवस मावळेपर्यंत मोळ्या वाहतो, त्याला मी भाकरी कमी कर म्हणणार नाही. त्याच्या ताटात कोरड्यास वाढले पाहिजे, भाकरी काढून घेण्याचे कारण नाही. वाढत्या वयाची मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, किडनीचा आजार असलेले, लहानपणापासून इन्शुलिनवर असलेले, यांनी यातले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि ज्यांना मधुमेह झालेलाच आहे, गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांना हात जोडून विनंती आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन तेवढेच ठेवून भाकरी एकदम अर्धी केली, तर साखर धोकादायक खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांवर कर्बोदके फार तोडली, तर रक्तात आम्ल वाढून जीवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना भेटा, औषधाचा डोस ठरवून घ्या, मग ताट बदला.

याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. कुपोषित लेकरे त्या बायकांनी वाचवली, कारण कुणाच्या चुलीवर काय शिजते हे त्यांना ठाऊक होते. आजचा आजारही चुलीपाशीच ठरतो. म्हणून या पाककृती मी रुग्णांच्या आधी आशाताईंच्या हातात दिल्या आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या सगळ्या मान्य केल्या. शेवटच्या पानावर भाकरीचा खराखुरा आकार छापला आहे. त्यावर आपली भाकरी ठेवून पाहावी, हेही त्यांचेच सुचवणे.

देशात मधुमेह असलेली माणसे १० कोटींहून जास्त आणि उंबरठ्यावरची साडेतेरा कोटींहून जास्त, असे ‘इंडियाब’ने २०२३ मध्ये सांगितले. उंबरठ्यावर असताना काहीही दुखत नाही, तहान वाढत नाही, थकवा येत नाही. तपासल्याशिवाय कळत नाही. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आले, तर हीच वेळ आहे असे समजा. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने, आणि बाहत्तर-त्र्याहत्तर साली जन्मलेल्यांनी तर न चुकता, ही पुस्तिका पुढे वाचण्याआधी गावच्या उपकेंद्रात जाऊन यावे. बोटातून रक्ताचा एक थेंब घेतात. त्याला पैसे पडत नाहीत.